धूर कुणाचा, दोष कुणाला?

गेल्या हिवाळ्यात न्हावऱ्याला माझ्या भाचीला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरले होते, पण वजन भरलं 1 किलो 950 ग्रॅम. दवाखान्यातून बहिणीचा फोन आला तेव्हा ती आधी ‘मुलगी झाली’ असं म्हणाली नाही. ‘दोन किलोसुद्धा नाही रे भरली’ असं म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तोवर गुन्हेगार कोण ते ठरून गेलं होतं. भाचीच्या सासूचं म्हणणं, पोरगी नीट खात नव्हती. शेजारच्या चाचीचं म्हणणं, सप्टेंबरातल्या ग्रहणाच्या रात्री ती ओट्यावर आली होती. कुणी म्हणालं, मगरिबच्या वेळी मोकळ्या केसांनी फिरायची. दवाखान्यातल्या बाईंनी लोहाच्या गोळ्यांवरून तिला झापलं होतं. एका बुजुर्गांनी शेवटी ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून विषय मिटवला. ती पोर खाटेवर बाळाला छातीशी धरून सगळं ऐकत होती. वय वर्षं 22.

तिने काय खाल्लं, काय नाही, ती कुठे गेली, केव्हा झोपली, याचा हिशेब सगळ्यांकडे होता. नऊ महिने तिने श्वासातून काय आत घेतलं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या घरी मी दहा वेळा तरी जेवलो असेन. चुलीवरच्या भाकरीची तारीफ करून उठलो असेन.

त्या घरात गॅस आहे. तो चहाला, पाहुण्यांना आणि घाईच्या वेळेला. रोजच्या भाकरी मागच्या पत्र्याच्या छपरात, चुलीवर. सात माणसांच्या अंघोळीचं पाणी बंबावर. जळण काय? बाभळीचं सरपण, तुराट्या, गोवऱ्या, मक्याच्या बिट्या, पाचट. पावसाळ्यात ओलं सरपण पेटत नाही, म्हणून खाली दुधाची पिशवी किंवा टायरच्या ट्यूबचा तुकडा. पहाटे पाचला बंब पेटवायचा, मग चूल, संध्याकाळी पुन्हा चूल. हे काम घरातल्या सर्वांत लहान सुनेचं. म्हणजे जी त्या घरात गरोदर राहण्याची सर्वांत जास्त शक्यता, तिचंच. ही वाटणी कुणी मुद्दाम केलेली नाही, पण ती बदलावी असंही कुणाला वाटलेलं नाही.

आता विज्ञान काय म्हणतं ते बघू. धुरातले सर्वांत बारीक कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते नाकात अडत नाहीत, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. 2019 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूला सापडल्याचं दाखवलं. 2022 मध्ये बेल्जियम आणि स्कॉटलंडच्या संशोधकांना ते गर्भाच्या यकृतात, फुफ्फुसात आणि मेंदूत आढळले. आईच्या पोटात बाळ सुरक्षित असतं ही आपली श्रद्धा आहे. धुराच्या बाबतीत ती खरी नाही.

धुरातला दुसरा घटक कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि बाळाकडे जाणारा प्राणवायू तेवढा घटतो. ज्या आईचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तिच्या बाळाचं नुकसान दुप्पट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. म्हणजे दवाखान्यातल्या बाई लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलल्या ते चूक नव्हतंच. ते अर्धं होतं.

तामिळनाडूत सुमारे 1,300 गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. हवेत पीएम 2.5 दर 10 मायक्रोग्रॅमने वाढलं की बाळाचं वजन सरासरी 4 ग्रॅमने घटतं आणि कमी वजनाचं बाळ जन्मण्याची शक्यता 2 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाशी हे प्रमाण दहांनी नाही, शेकड्यांनी चढतं. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’च्या 2020 च्या अहवालाचा अंदाज आहे की 2019 या एका वर्षात भारतात 1 लाख 16 हजारांहून जास्त बाळं प्रदूषित हवेमुळे पहिल्या महिन्यातच दगावली. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच, जन्माला येताना वजन कमी किंवा दिवस अपुरे. जगभरात अशा मृत्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश घरातल्या धुराशी जोडलेले होते. गाडीच्या नाही, कारखान्याच्या नाही. चुलीच्या.

आपल्या शिरूर तालुक्याला तर हे सांगायलाच नको होतं. याच तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. शिरूर आणि हवेलीच्या 22 गावांतले जन्म, मृत्यू, आजार ते वर्षानुवर्षं नोंदवतंय. केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, तो जगभर गाजला. आपल्या खेड्यातलं बाळ सरासरी 2.7 किलोचं आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधलं साडेतीन किलोचं, हे त्यातूनच समोर आलं. हा फरक एकट्या धुराचा नाही. आईची उंची, तिचं बालपण, जेवणात पालेभाजी, दूध, फळं किती, शेतात कष्ट किती, लग्न कोणत्या वयात झालं, सगळं त्यात येतं. पण या सगळ्यात धूर हे असं कारण आहे जे दिसतं, डोळ्यांत झोंबतं, आणि तरीही आपण मोजत नाही. भाचीचं माता-बाल संरक्षण कार्ड मी पानन् पान पाहिलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, सगळ्यांसाठी जागा आहे. ‘स्वयंपाक कशावर करता?’ हा प्रश्न मला त्यात सापडला नाही.

आणि आपण कशाच्या भरवशावर गप्प आहोत? ‘गावची हवा चांगली’ या भरवशावर. पुण्यात दिलेल्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, तेव्हा हेच ऐकतात, आलीस ते बरं झालं, इथे शुद्ध हवा. सरकारचाही हाच समज दिसतो. केंद्राने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. त्याच्या यादीत आज सुमारे 130 शहरं आहेत, पुणे त्यात आहे. गाव एकही नाही. जिथे हवा मोजतच नाहीत, तिथली हवा कागदावर कायम स्वच्छ राहते. आपल्या कायद्याप्रमाणे पीएम 2.5 ची वर्षाची सरासरी 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 म्हणते. न्हावऱ्याचा आकडा 40 च्या खाली आहे की वर? सांगायला कुणी नाही.

हिवाळ्यात सकाळी सातला शिरूर-चौफुला रस्त्याने या. उसाच्या शेंड्यांवर धुराचा पट्टा तरंगताना दिसेल. लोक त्याला धुकं म्हणतात. त्यात पेटवलेलं पाचट आहे, प्रत्येक घरचा बंब आहे, पलीकडे दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं आहेत. त्या गुऱ्हाळांच्या चुलाण्यात चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि टाकाऊ चपला-बूट जाळतात, ही तक्रार वर्तमानपत्रांत कितीदा छापून आली. कारवाई होते, चार दिवस धूर कमी होतो, परत सुरू. कचरा उघड्यावर जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर बंदी घातली, 5 हजार ते 25 हजार रुपये दंड ठेवला. याच पट्ट्यातल्या एका गावात मी घंटागाडीने गोळा केलेला कचरा ओढ्याकाठी पेटवलेला पाहिला आहे. दंड कुणी कुणाला करायचा?

धुराबद्दल या तालुक्याला काहीच देणंघेणं नाही, असंही नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं तेव्हा तालुका हवालदिल झाला. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत तो प्रचाराचा विषय होता. ते योग्यच होतं, त्या धुराड्यावर हजारो घरांची चूल चालते. पण जे धुराडं धूर सोडत नाही त्यावर सभा होतात, आणि जी चूल रोज दोन वेळा सुनेच्या तोंडावर धूर सोडते तिच्यावर एका पुढाऱ्याला एक वाक्य सुचत नाही. त्या सभांना आपल्या समाजाचे लोकही होते. आपणही विचारलं नाही.

या विषयावर बोललो की तीन उत्तरं ठरलेली मिळतात.

पहिलं, ‘आमच्या नानीने दहा पोरं चुलीवरच काढली, काय झालं?’ काय झालं ते कब्रस्तानात जाऊन बघा. जुन्या कब्रस्तानाच्या कडेला हातभर लांबीच्या कबरी असतात, त्यांवर नाव नसतं. नानीने दहा काढली, त्यातली जगली किती हे आपण विचारत नाही. 1971 मध्ये या देशात हजारातली 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. ती सगळी धुराने गेली असं मी म्हणत नाही. ‘काही झालं नाही’ हे मात्र खोटं आहे.

दुसरं उत्तर जरा शिकलेल्या लोकांचं, ‘गॅस देऊनही फरक पडत नाही, असा अभ्यास आहे.’ आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत 3,200 गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले. त्यांच्या श्वासातला धूर खूप घटला, पण 2022 मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. याचा अर्थ धूर निरुपद्रवी, असा होत नाही. या स्त्रियांना गॅस मिळाला तो तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. त्याआधीची वर्षं त्यांनी आणि त्यांच्या आयांनी धुरातच काढलेली. शिवाय गॅसवाल्या घरातही हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कितीतरी वरच होती, कारण धूर शेजारच्या घरातून, शेतातून, रस्त्यावरून येतच होता. मी यातून दोन गोष्टी घेतो. एक, सातव्या महिन्यात सिलिंडर आणून फोटो काढण्याला अर्थ नाही, धूर लग्नाच्या दिवसापासून थांबला पाहिजे. दोन, एका घराने चूल विझवून भागत नाही, गावाने विझवली पाहिजे.

तिसरं उत्तर खरं आहे, ‘परवडत नाही.’ उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, जोडणी घरोघर पोहोचली. आधीच्याच पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 80 टक्के कुटुंबं स्वच्छ इंधन वापरतात असं आलं. भाचीचं घर त्या 80 टक्क्यांत धरलं जाईल, कारण घरात सिलिंडर आहे. तो वर्षाला किती वेळा भरला, हा खरा प्रश्न. राज्य सरकारने 2024 मध्ये अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला 3 सिलिंडर मोफत जाहीर केले. सात माणसांच्या घरात, भाकरी आणि अंघोळीच्या पाण्यासह, तीन सिलिंडर किती महिने पुरतात हे कोणत्याही बाईला विचारा. सरकारला बाळाचं वजन वाढवायचं असेल तर गर्भारपणाची नोंद होताच वेगळे सिलिंडर द्यावेत, बाळ वर्षाचं होईपर्यंत. हा खर्च अपुऱ्या वजनाचं बाळ काचेच्या पेटीत ठेवण्यापेक्षा कमी येईल, हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. राग आला तरी चालेल.

भाचीचा चिल्ला, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस, बंद खोलीत सुरू झाला. खिडकीला चादर, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओवा आणि लोबान. न्हाऊ घातलं की बाळाला धुरी. रात्री मच्छरची कॉइल. हिंदू शेजाऱ्यांकडेही हेच चालतं, ओवा-शेपाची धुरी तीच, यात आपण अगदी सख्खे भाऊ आहोत. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 वेळा श्वास घेतं, आपल्या तिप्पट. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी दाखवून दिलं होतं की बंद खोलीतली एक कॉइल सुमारे 100 सिगारेटींइतके बारीक कण सोडते. दोन किलोच्या आतल्या पोरीच्या फुफ्फुसाशी आपण हे करतो आणि त्याला काळजी म्हणतो. ऊब हवीच, कमी वजनाच्या बाळाला तर फारच. ती आईच्या छातीशी उघडं बाळ धरून मिळते, धुरातून नाही.

यात मजहब कुठे आहे? पैगंबरांचा मुलगा इब्राहिम लहानपणी वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच. पैगंबरांनी तिथेच खोडून काढलं, ग्रहण कुणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे लागत नाही. आणि आम्ही 22 वर्षांच्या पोरीला ग्रहणाचा ठपका देतो. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असं सांगितलं, कारण शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होतो. ज्या दीनने दुसऱ्याच्या नाकाचा एवढा विचार केला, त्याच्या माणसांनी टायर जाळून पाणी तापवावं? कुणाला इजा करू नये, इजा होऊ देऊ नये, हे तर शरियतचं मूळ सूत्र. गर्भवतीला रोजा सोडायची मुभा का आहे, तर आईच्या आणि बाळाच्या जिवासाठी. त्या मुभेवर आपल्याकडे तासतासभर बयान होतात. चुलीवर एक जुम्मा खर्च करा ना.

आणि जकात. रमजानमध्ये लांबलांबच्या संस्थांच्या पावत्या घेऊन लोक येतात, आपण देतो. आपल्याच मोहल्ल्यातली गरीब गरोदर बाई मात्र जकातीची हकदार आहे हे कुणाला आठवत नाही. तिचा सिलिंडर भरून देणं हे सवाबचं काम नाही का? लग्नात सोफा, कपाट, फ्रिज देतो. अंघोळीच्या पाण्याची धूर नसलेली सोय द्या. मशीद कमिटीने मोहल्ल्यातल्या गरोदर बायकांच्या घरांची यादी केली, तर न्हावऱ्यासारख्या गावात ती एका वहीच्या पानावर मावेल.

त्या यादीत मोहल्ल्याबाहेरच्याही काही जणी घ्याव्या लागतील. हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून बाई पोटुशी असली तरी फडात. ती राहते पाचटाच्या कोपीत, स्वयंपाक करते तीन दगडांवर, कोपीच्या तोंडाशी. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये बाहेर आलं, समिती बसली. ज्या पिशव्या शाबूत आहेत त्यांतल्या बाळांचं वजन कुणी केलंय? आपली साखर ज्या हातांनी तोडली जाते, त्यांच्या पोटातल्या बाळाचा श्वास आपल्या हिशेबात नसेल, तर ‘पाक’ हा शब्द आपण वापरू नये.

मागण्या मोठ्या नाहीत. आशाताईंच्या पहिल्या भेटीत आणि कार्डावर चुलीचा प्रश्न असावा. नोंदणीबरोबर गरोदर बाईला पुरेसे सिलिंडर मिळावेत, ऊसतोडीच्या बाईला ती जिथे असेल तिथे. स्वच्छ हवेच्या कार्यक्रमात तालुके यावेत, शिरूर-दौंडसारख्या साखर आणि एमआयडीसीच्या पट्ट्यांपासून सुरुवात व्हावी. पाचट कुजवणाऱ्या शेतकऱ्याला काही मिळावं, गुऱ्हाळात प्लास्टिक जाळणाऱ्याकडून काही जावं. आणि कमी वजनाचं बाळ झालं की आईची उलटतपासणी बंद व्हावी.

आमच्या घरापुरतं सांगतो. शेगडी आणि कॉइल बाहेर काढण्यावरून माझं आणि बहिणीचं कडाक्याचं वाजलं. धुरी बंद झाली, लोबान बाहेरच्या उंबऱ्यावर गेला. चूल भाचीला चाळीस दिवस नव्हतीच. बंबाचा प्रश्न उरला. मी जावयाला म्हटलं, पहाटेचा बंब आता तुम्ही पेटवायचा, बायकोने नाही. बिचारा मुकाट्याने पेटवू लागला. पहिले दोन दिवस हसला, मग डोळे चोळू लागला, मग खोकू लागला. आठव्या दिवशी मोटारसायकल काढून शिरूरला गेला, गॅस गिझरची किंमत विचारायला.

आठ दिवसांत त्याला जे कळलं, ते त्या घरातल्या बायकांना तीन पिढ्या माहीत होतं.